विश्वाला ढकलतंय कोण?

विश्व पसरतंय हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, पण त्या पसरण्याचा वेग वाढत चाललाय ही गोष्ट अजून बऱ्याच जणांपर्यंत नीट पोचलेली नाही, आणि पोचते तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या फॉरवर्डमधून पोचते, ज्याच्या शेवटी लिहिलेलं असतं की हे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं आणि शास्त्रज्ञांनी आता कुठे मान्य केलं. सिंहस्थ जवळ येतोय तसे हे मेसेज आमच्या नाशकात जरा जास्तच फिरायला लागलेत. मला ते वाचून खरंच वाईट वाटतं. मी वारकरी घरातला आहे, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाणारा आहे आणि आकाशाचं वेडही लहानपणापासूनचं आहे, त्यामुळे असल्या मेसेजमधे विज्ञानाचं तर नुकसान होतंच पण श्रद्धेचंही होतं असं मला वाटतं, आणि ते कसं हे सांगायलाच हे लिहायला बसलोय.

आधी नेमकं सापडलं काय ते बघू. १९२० च्या दशकात कळलं की दूरच्या दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, आपल्यापासून लांब चालल्यात, जितकी जास्त लांबची तितका तिचा वेग जास्त. पुढची सत्तर वर्षं सगळे असं धरून चालले होते की हा वेग हळूहळू कमी होत असणार, कारण गुरुत्वाकर्षण सगळ्यांना एकमेकांकडे ओढतं. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर उभं राहून चेंडू वर फेकला तर तो वर जाता जाता मंद होतो ना, अगदी तसं. प्रश्न एवढाच होता की मंद किती होतोय. ते मोजायला दोन टीम कामाला लागल्या, एक सॉल पर्लमटर यांची आणि दुसरी ब्रायन श्मिट यांची, ज्यात अ‍ॅडम रीस होते, आणि १९९८ मधे दोन्ही टीमना स्वतंत्रपणे एकच उलटं उत्तर मिळालं, की चेंडू वर जाताना मंद होत नाहीये, अजून जोरात सुटलाय. २०११ चं फिजिक्सचं नोबेल या तिघांना मिळालं.

मोजायला त्यांनी वापरले टाइप वन ए नावाचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे एका प्रकारचे स्फोट. श्वेतबटू तारा, म्हणजे आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवटी उरलेला गाभा, शेजारच्या ताऱ्याकडून वस्तुमान ओढत राहिला आणि सूर्याच्या साधारण १.४ पटीच्या जवळ पोचला की फुटतो. ही मर्यादा आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची, १९३० मधे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला जाताना बोटीवर त्यांनी हे गणित मांडायला सुरुवात केली होती. मर्यादा ठरलेली असल्यामुळे या स्फोटांची खरी चमक जवळजवळ सारखी असते (थोडे फरक असतात, ते दुरुस्त करता येतात), मग पृथ्वीवरून किती चमक दिसते ते मोजलं की अंतर निघतं. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा साधारण २० ते २५ टक्के फिके निघाले. फिके म्हणजे जास्त लांब, आणि जास्त लांब म्हणजे मधल्या काळात विश्व आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त पसरलंय.

इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल की फिके दिसायला दुसरं कारण नसेल का, मधे धूळ असेल तर? हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाने अगदी गांभीर्याने विचारला होता, जयंत नारळीकर सरांनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की स्फोटांमधून बाहेर पडलेल्या धातूच्या सुईसारख्या बारीक कणांची धूळ दीर्घिकांच्या मधल्या जागेत असेल तर सुपरनोव्हा फिके दिसू शकतात. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, कारण पुढे दुसऱ्या मार्गांनी, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून आलेल्या मायक्रोवेव्ह किरणांवरून आणि दीर्घिकांच्या मांडणीत दडलेल्या साधारण ५० कोटी प्रकाशवर्षांच्या ठरावीक अंतरावरून, साधारण तेच चित्र पुन्हा निघालं. पण मला नारळीकरांबद्दल एक गोष्ट फार मोलाची वाटते जी आपल्याकडे कमी बोलली जाते. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मधे जो स्थिर स्थिती सिद्धांत मांडला आणि जो पुढे हॉइल-नारळीकर जोडीने वाढवला, त्या सिद्धांतात विश्वाचं प्रसरण मुळातच वेग वाढवत जाणारं होतं! पसरताना रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एका ऋण ऊर्जेच्या क्षेत्रातून येते, ज्याला ते सी-फील्ड म्हणायचे. सिद्धांत बाकी निरीक्षणांपुढे टिकला नाही हे खरंच आहे, मायक्रोवेव्ह किरणांनी त्याचं कंबरडं मोडलं. तरीपण पोकळीत भरलेलं एक क्षेत्र विश्वाला पसरवतं हा विचार आज ज्या भाषेत लोक मांडतात ती भाषा त्या काळात केंब्रिजमधे बसून आपला कोल्हापूरचा माणूस बोलत होता. २०२१ मधे साहित्य संमेलन आमच्या नाशकात झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, आणि मे २०२५ मधे ते गेले. त्यांना समोर बसून ऐकायचं राहूनच गेलं.

आता कारणं. सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त मानलं जाणारं उत्तर म्हणजे आइन्स्टाइनचा कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट, लॅम्डा. त्यांनी तो १९१७ मधे समीकरणात घातला होता तो विश्व स्थिर ठेवायला, विश्व पसरतंय कळल्यावर काढून टाकला, आणि १९९८ नंतर तो परत आला. याचा अर्थ असा लावतात की रिकाम्या जागेलाही स्वतःची ऊर्जा आहे. किती, तर एका घनमीटरमागे फक्त साडेतीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाएवढी. इतकी थोडी ऊर्जा दीर्घिकांना कशी काय पळवते, तर एक म्हणजे जागा अफाट आहे, आणि दुसरं म्हणजे या ऊर्जेचा दाब ऋण आहे. आइन्स्टाइनच्या थिअरीत गुरुत्वाकर्षण नुसतं वस्तुमानातून येत नाही, दाबातूनही येतं, आणि दाब पुरेसा ऋण झाला की गुरुत्वाकर्षण ओढायच्या ऐवजी दूर लोटतं. बरं, द्रव्य विश्व पसरलं की विरळ होतं, पण रिकाम्या जागेची ऊर्जा विरळ होत नाही कारण जागाच नवी तयार होतेय, त्यामुळे पहिली कित्येक शे कोटी वर्षं द्रव्याचं पारडं जड होतं आणि विश्व खरोखरच मंदावत होतं, मग साधारण ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी पारडं फिरलं आणि वेग वाढायला लागला. म्हणजे आपली पृथ्वी जन्मली तेव्हा हे नुकतंच सुरू झालेलं होतं. आजच्या हिशेबात विश्वातली ६८ टक्के ऊर्जा ही आहे, त्याला डार्क एनर्जी म्हणतात, २७ टक्के डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं द्रव्य, आणि तुम्ही मी गोदावरी सूर्य तारे सगळं मिळून उरलेले ५ टक्के.

हे उत्तर इतकं सुटसुटीत वाटतं की लोक इथेच थांबतात, पण खरा त्रास इथेच सुरू होतो. क्वांटम थिअरी सांगते की रिकामी जागा कधीच पूर्ण शांत नसते, तिच्यात ऊर्जा असायलाच हवी. छान, मग ती किती येते ते सरळ गणिताने काढायला गेलं तर उत्तर प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकड्याच्या एकावर १२० शून्य इतक्या पट मोठं येतं. म्हणजे आपल्याला लॅम्डाची किंमत मोजता येते, ती तेवढीच का आहे हे सांगता येत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत थानू पद्मनाभन यांनी आयुष्याचा मोठा भाग या प्रश्नाला दिला. गुरुत्वाकर्षण हे मुळातलं नसून अवकाशाच्या अजून सूक्ष्म घटकांच्या वागण्यातून वर येणारं आहे, आणि तसं पाहिलं तर या आकड्याचं कोडं सुटू शकेल, असा त्यांचा रोख होता. २०२१ मधे तेही गेले.

बाकीची उत्तरं थोडक्यात सांगतो. एक म्हणजे ही ऊर्जा कायमची एकसारखी नसून काळाबरोबर बदलणारं एक क्षेत्र आहे, त्याला क्विंटेसन्स म्हणतात. दुसरं म्हणजे डार्क एनर्जी वगैरे काही नाही, फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा आहे. या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच थिअरी ऑगस्ट २०१७ मधे एका झटक्यात मोडीत निघाल्या, कारण दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले त्यांच्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण १३ कोटी वर्षं प्रवास करून आपल्याकडे फक्त १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले, आणि त्या थिअरींप्रमाणे दोघांचा वेग वेगळा असायला हवा होता. तिसरं म्हणजे न्यूझीलंडच्या डेव्हिड विल्टशर यांचं, की विश्वात प्रचंड मोठ्या पोकळ्या आहेत, तिथलं घड्याळ दीर्घिकांमधल्या घड्याळापेक्षा पुढे पळतं, आणि हे हिशेबात न धरल्यामुळे आपल्याला वेग वाढल्याचा भास होतो. मानणारे थोडे आहेत पण विचार मला आवडतो.

हे सगळं मी एकदा संध्याकाळी गंगेवर मामांना सांगत होतो (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात). मामा पंचवटीत राहतात, कीर्तन चुकवत नाहीत आणि माझं आकाशाचं बोलणंही मनापासून ऐकतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, आपोआप काही होत नसतं. वेग वाढतोय म्हणजे वाढवणारा कुणीतरी असणारच की."

मी म्हटलं, "मामा, मग तुम्ही त्याला त्या ६८ टक्क्यांत बसवणार का?"

ते लगेच काही बोलले नाहीत.

धर्मांकडे या विषयावर सांगण्यासारखं खूप आहे, पण फॉरवर्डमधे जे येतं ते नव्हे. कुराणाच्या ५१ व्या सूरेत आकाश आम्ही निर्माण केलं आणि आम्हीच ते विस्तारतो अशा अर्थाचा भाग आहे, आजचे बरेच जण त्याचा संबंध प्रसरणाशी लावतात, जुन्या भाष्यकारांनी तो देवाच्या सामर्थ्याबद्दल आणि आकाशाच्या विशालतेबद्दल वाचला होता. यहुदी-ख्रिस्ती धर्मग्रंथात देव आकाश पडद्यासारखं पसरतो असं आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, दिवस उगवला की सृष्टी, रात्र झाली की प्रलय. १९९८ च्या आधी लोक मोठ्या हौसेने सांगायचे की बघा, विश्व एक दिवस परत आकुंचन पावणार म्हणजेच प्रलय, विज्ञानाने सिद्धच केलं. मग वेग वाढतोय असं निघालं, आणि लॅम्डा जर खरंच कायम असेल तर आकुंचन कधी होणारच नाही, नुसतं पसरत विरळ होत गार होत जाणार. मग त्या सिद्ध झालेल्या प्रलयाचं काय झालं? कुणी परत येऊन सांगितलं नाही.

आणि आमच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत, म्हणजे त्याच पांडवलेणीत, जे बौद्ध भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वी राहत होते त्यांच्या परंपरेत तर विश्वाच्या आकुंचनाचे आणि प्रसरणाचे कल्प अगदी नाव घेऊन सांगितलेत. पण त्याच परंपरेत, लोक शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेला आहे की अनंत, हे मालुंक्यपुत्ताने विचारल्यावर बुद्धांनी उत्तर द्यायचं नाकारलं. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हटलं तर तो मरेल, असं त्यांनी सांगितलं. गजपंथाला आणि मांगीतुंगीला जाणाऱ्या जैन मंडळींच्या तत्त्वज्ञानात तर विश्वाला कर्ताच नाही, ते अनादि आहे. म्हणजे नुसत्या नाशिक जिल्ह्यातच मामांच्या प्रश्नाला तीन वेगळी धार्मिक उत्तरं आहेत, आणि त्यातली दोन 'ढकलणारा कोण' हा प्रश्नच मान्य करत नाहीत. आणि ज्या ऋग्वेदाच्या नावाने फॉरवर्ड फिरतात त्याच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी काय म्हणतं, तर परम आकाशात बसून हे सगळं बघणारा जो आहे त्यालाच हे माहीत असेल, "यदि वा न वेद", नाहीतर त्यालाही नसेल. इतकी मोठी प्रामाणिक जागा आपल्या हातात असताना आपण तिच्यावर 'हे आधीच माहीत होतं' असा शिक्का मारतो याचं मला खरं दुःख होतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे, १९२३ मधे कॅथलिक धर्मगुरू झाले, १९२७ मधे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून पसरणारं विश्व काढून दाखवलं, १९३१ मधे सगळं एका आदिम अणूतून सुरू झालं असं मांडलं. आइन्स्टाइननी लॅम्डा टाकून दिला तरी यांनी तो सोडला नाही, आणि १९३४ मधे लिहिलं की लॅम्डा म्हणजे पोकळीची ऊर्जा समजता येईल आणि तिचा दाब ऋण असेल. आज जे पहिल्या नंबरचं उत्तर आहे ते एका धर्मगुरूने १९९८ च्या ६४ वर्षं आधी लिहून ठेवलंय, आणि त्यात देवाचं नाव कुठेही नाही. पुढे १९५१ मधे पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगितलं की आधुनिक विज्ञान सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देतंय. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता असं आपल्याला वाटेल, पण ते अस्वस्थ झाले, व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या संचालकांच्या मदतीने त्यांनी प्रयत्न केले, आणि पुढच्या वर्षी रोममधे खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तसं विधान टाळलं. लमेत्र यांचं म्हणणं होतं की त्यांचा सिद्धांत धर्माच्या प्रश्नांच्या पूर्ण बाहेर आहे, नास्तिकालाही तो तितकाच मोकळा आहे. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने हे म्हणावं यात मला श्रद्धेची कमी दिसत नाही, उलट फार खोल श्रद्धा दिसते, कारण त्याला आपला देव एखाद्या समीकरणाच्या भरवशावर ठेवायचा नव्हता.

आणि ते किती बरोबर होतं हे आत्ता कळतंय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधे किट पीकवर डेझी नावाचं यंत्र आहे, ५००० फायबर रोबोट हलवतात आणि एका वेळी हजारो दीर्घिकांचा प्रकाश पकडतात. मार्च २०२५ मधे त्यांनी जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे) यांचा हिशेब मांडला, आणि तो मायक्रोवेव्ह किरणांच्या आणि सुपरनोव्हांच्या मोजमापाशी जोडल्यावर असं दिसायला लागलं की डार्क एनर्जी कायम नसावी, अलीकडच्या काळात ती कमी होत असावी. अजून पक्कं नाही, कुठले सुपरनोव्हा धरता त्यावर खात्री २.८ ते ४.२ सिग्मा येते (सिग्मा म्हणजे निकाल नुसता योगायोग नाही याच्या खात्रीचं माप) आणि शोध लागला म्हणायला ५ लागतात. पण समजा पक्कं झालं, तर १९९८ पासून ज्यांनी वेग वाढवणाऱ्या त्या ऊर्जेलाच देवाचा हात म्हटलं त्यांनी आता काय म्हणायचं, देवाचा हात सैल पडतोय? हे मी मामांना विचारलं तेव्हा ते अस्वस्थ झाले, आणि मला तेच हवं होतं, चिडवायचं म्हणून नाही तर मला त्यांची श्रद्धा कुठल्याही दुर्बिणीच्या पुढच्या रिपोर्टवर टांगलेली बघवत नाही म्हणून.

एक धार्मिक युक्तिवाद मात्र मला वजनदार वाटतो. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मधे, म्हणजे शोध लागायच्या आधीच, दाखवलं होतं की लॅम्डा फार मोठा असता तर द्रव्य एकत्र यायच्या आधीच सगळं पसरून गेलं असतं, दीर्घिका झाल्याच नसत्या, तारे नाहीत, आपण नाही. आस्तिक म्हणतो की मग हा इतका लहान कुणी ठेवला, आणि दुसरा पक्ष म्हणतो की असंख्य विश्वं असतील, प्रत्येकात लॅम्डा वेगळा, आपण राहण्याजोग्या विश्वात सापडलो एवढंच. दोन्ही बाजूंना आज तरी पुरावा देता येत नाही, आणि असंख्य विश्वं मानणं ही काही कमी मोठी श्रद्धा नाही हे विज्ञानवाल्या मित्रांनी मान्य करायला पाहिजे. फक्त यात एक फट आहे ती लोक बघत नाहीत, लॅम्डा अगदी शून्य असता तरी दीर्घिका झाल्याच असत्या. म्हणजे तो फार मोठा नसणं गरजेचं होतं, नेमका एवढाच असणं गरजेचं नव्हतं, त्यामुळे 'आपल्यासाठी अचूक ट्यून केलाय' हे म्हणणं जरा ताणलेलं आहे.

मामांनी नंतर मला एक उत्तर दिलं जे मला मान्य आहे. ते म्हणाले, "तू कारण सांग, मी त्याच्या मागचं कारण विचारणार. तू नियम सांग, मी विचारणार हा नियम तरी का आहे." विचाराच की मामा. तो प्रश्न किट पीकवर सुटणार नाही आणि चिलीमधल्या दुर्बिणींतूनही नाही, तो वेगळ्या प्रकारचा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा हक्क कुणाचाही काढून घेता येत नाही. पण दीर्घिका का पळतायत याचं उत्तर मोजूनच मिळणार. सिंहस्थ तरी कशावर उभा आहे, गुरू सिंह राशीत येतो हे आपल्या पूर्वजांनी रात्र रात्र जागून मोजलं तेव्हाच ना.

मोजायला वेळही अमर्याद नाहीये. वेग असाच वाढत राहिला तर साधारण १० ते १५ हजार कोटी वर्षांनी आपल्या स्थानिक समूहाबाहेरची (म्हणजे आपली आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिका सोडून) प्रत्येक दीर्घिका दिसेनाशी होईल, आणि त्या काळात कुणी आकाश बघणारा असलाच तर विश्व पसरतंय हे त्याला कळायचा मार्गच उरणार नाही. आपल्याला अजून सगळं दिसतंय. युरोपची युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ पासून अवकाशात आहे, चिलीमधल्या रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो जून २०२५ मधे आले, तिच्या दहा वर्षांच्या सर्व्हेमधे लाखो सुपरनोव्हा सापडतील असा अंदाज आहे, आणि डेझीचं पुढचं कामही चालूच आहे. ती ऊर्जा कायम आहे की कमी होतेय एवढं तरी आमच्या पिढीला नक्की कळेल असं मला वाटतं, आणि जो काही निकाल लागेल तो मामांना सगळ्यात आधी मीच सांगणार आहे.